गुरुजींच्या घरातला एक्स्टेंशन बोर्ड

तालुक्याच्या गावी आपल्या घरांना वेगळी ओळख लागत नसे. दारावर पाटी ‘श्रमसाफल्य’ची असो नाहीतर ‘मातृछाया’ची, दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे म्हणणार ‘गुरुजींचं घर’. दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत असतील तर ‘गुरुजी-बाईंचं’. अशा घरांत १९८५ ते १९९५ च्या दरम्यान जन्मलेल्या आपल्या पिढीला एकमेकांची बालपणं समजावून सांगावी लागत नाहीत. जनगणनेचे कागद पलंगावर, मतदारयाद्या जेवणाच्या टेबलावर, घटक चाचणीचे गठ्ठे शिलाई मशीनवर. निकालपत्रकाच्या उभ्या-आडव्या बेरजा आपणच केल्या, आणि त्या जुळल्या नाहीत तेव्हा रात्रीची जेवणं लांबली. शाळा संध्याकाळी सुटायची ती मुलांपुरती. गुरुजींची घरी येऊन पुन्हा भरायची.

२००८-०९ च्या सुमारास या पसाऱ्यात आणखी एका वस्तूची भर पडली. दहा इंची पडद्याचे छोटे लॅपटॉप. एखाद-दुसरा नव्हे, वर्गाला पुरतील एवढे.

त्या दोन-तीन वर्षांत अशा यंत्रांची जगभर लाटच आली होती. एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसच्या परिषदेत हिरव्या रंगाचा नमुना दाखवला. वीज नसेल तिथेही चालावा म्हणून त्याला हाताने फिरवायचा दांडा होता. प्रत्यक्ष यंत्र तयार झालं तेव्हा दांडा गेलेला होता आणि किंमत दोनशे डॉलरच्या घरात पोचली होती. आपल्या केंद्र सरकारने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला. असल्या महागड्या साधनांपेक्षा आपल्याला वर्गखोल्या आणि शिक्षक जास्त तातडीने हवेत, असं शिक्षण खात्याचं म्हणणं. तरीही २००७ साली हे यंत्र भारतात पहिल्यांदा मुलांच्या हाती पडलं ते आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट नावाच्या वस्तीवर. चारही इयत्ता एका खोलीत बसणारी एकशिक्षकी शाळा. त्या यंत्राचा पडदा उन्हातही वाचता यायचा, कळफलक एकसंध रबराचा, त्यामुळे धूळपाणी आत जात नसे. वरचे दोन कान उभे केले की शेजारच्या मुलांची यंत्रं बिनतारी एकमेकांशी जोडली जायची. मग एकाच पानावर दोघं दोन ठिकाणी बसून लिहू शकत.

आपल्या वाट्याला आली ती यंत्रं अशी विचार करून बनवलेली नव्हती. २००७ च्या अखेरीस तैवानच्या एका कंपनीने सात इंची स्वस्त लॅपटॉप काढला, तो धडाक्यात खपला आणि वर्षभरात प्रत्येक कंपनीचा ‘नेटबुक’ बाजारात आला. ॲटम प्रोसेसर, एक जीबी रॅम, विंडोज एक्सपी, आणि सीडीसाठी खाच नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी ते घेतले, काही काळ वापरले आणि मग कोणाच्या तरी ओळखीने, गावच्या मुंबईकर मंडळामार्फत, कुठे लोकवर्गणीची भर घालून, ते शाळांच्या दारात येऊन पडले. आमचे आण्णा तेव्हा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीवर होते. द्विशिक्षकी शाळा, पट चौतीस. आई अलीकडच्या एका गावात, जरा मोठ्या शाळेत. घर घोडेगावात. आण्णांच्या शाळेला पुण्यातल्या एका कंपनीकडून वापरलेले पंधरा नेटबुक मिळाले. नारळ फुटला, फोटो निघाले, केंद्रप्रमुखांनी शेरेबुकात ‘स्तुत्य उपक्रम’ असा शेरा लिहिला आणि पाहुणे भीमाशंकरला दर्शनाला गेले.

त्यानंतर आण्णांनी वर्गात पाहिलं, तर चालू प्लग एकच. तोही दाराच्या वर, रेडिओसाठी बसवलेला.

पुढे तोही गेला. शाळांची वीजबिलं त्या काळात दुकानासारख्या व्यापारी दराने यायची, हे आपल्या घरांत कोणाला सांगायला नको. सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या तुटपुंज्या पैशांत खडू, फळ्याचा रंग, झाडू आणि वर वीजबिल कसं बसवायचं? चार महिने थकलं की वायर कापून नेत. मग शाळेची यंत्रं भारली जायची कुठे, तर गुरुजींच्या घरी.

ही व्यवस्था कोणी ठरवून दिली नव्हती, कुठल्या परिपत्रकात नव्हती, पण जिल्ह्याजिल्ह्यांत आपल्यासारख्यांच्या घरोघरी तीच होती. हे आपल्याला पुढे कॉलेजात, हॉस्टेलवर एकमेकांशी बोलताना कळलं. मी घोडेगावचं सांगायला लागलो की अकोल्याचा मित्र मधूनच वाक्य पूर्ण करायचा. त्याच्याकडे टॅबलेट होते आणि ते आईच्या पर्सपेक्षा जपून ठेवले जायचे, एवढाच फरक.

आण्णा स्प्लेंडरला रेक्झिनची मोठी पिशवी अडकवून रोज सात-आठ लॅपटॉप आणायचे. पावसाळ्यात पिशवीवर खताची रिकामी गोणी. तिकडचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल. लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेनेही बुरशीची रेघ धरायची. घरी आल्यावर आई आधी ते कोरड्या फडक्याने पुसून चुलीपासून लांब, पण उबेला ठेवायची. मग बोर्ड. आमच्याकडे लाकडी पट्टीवर स्वतः आण्णांनी जोडलेला आठ पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड होता. त्यात अडॅप्टर शेजारी-शेजारी बसायचे नाहीत, कारण अडॅप्टरचं पोट रुंद. म्हणून एक सोडून एक पीन, आणि उरलेले स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या आणि इस्त्रीच्या प्लगवर. फ्रिज त्या वेळी बंद ठेवायचा, हा आईचा नियम. यंत्राला आणि अडॅप्टरला एकच नंबर, शाळेच्या बाकांवर टाकतात त्याच लाल ऑइलपेंटने. तीन नंबरचा अडॅप्टर तीनलाच. सातचा उंदराने कुरतडला होता, त्याला काळी टेप. अकराची पीन सैल, तिच्याखाली दुमडलेलं पोस्टकार्ड सरकवायचं, नाहीतर दिवा लागायचा नाही.

आणि लोडशेडिंग. ग्रामीण महाराष्ट्रात दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसण्याची ती वर्षं. वीज रात्री एकला येणार असेल तर एकला उठणं आलं. शेतकऱ्यांची मुलं मोटार चालू करायला उठायची, आपण लॅपटॉपची बटणं दाबायला. तीनच्या सुमारास पहिली तुकडी काढून दुसरी लावायची. थोरला भाऊ दहावीला होता, तो तसाही जागा असायचा, आई म्हणायची, “बरं झालं, दोन्ही अभ्यास होतील.”

घरातली आपण मुलं या यंत्रांची बिनपगारी दुरुस्ती करणारी माणसं झालो. गुरुजी लोक एमएस-सीआयटी पास झालेले होते, व्हावंच लागलं होतं, नाहीतर वेतनवाढ अडकायची. पण त्या कोर्सात चौकोनात रंग भरणं आणि पत्र टाइप करणं होतं. पंधरा यंत्रांत एकाच वेळी शिरलेल्या व्हायरसचं काय करायचं हे नव्हतं. त्या काळातला तो ‘न्यू फोल्डर’ आठवतो? दिसायला साधी पिवळी फाइल, उघडायला गेलं की तीच सगळीकडे पसरायची. शाळेत जाळं नव्हतं, त्यामुळे एका यंत्रातून दुसऱ्यात काहीही न्यायचं ते एकमेव पेन ड्राइव्हने, आणि पेन ड्राइव्ह जिथे गेला तिथे न्यू फोल्डर गेला. खैराटच्या मुलांकडच्या, कान उभे करून जोडल्या जाणाऱ्या लॅपटॉपबद्दल मी पुढे पेपरात वाचलं तेव्हा हेवाच वाटला होता. शेवटी भावाच्या इंजिनिअरिंगच्या मित्राने सगळ्यांवर उबंटू टाकून दिलं. व्हायरस गेले. शिवाय मराठी कळफलक आयता मिळाला, फॉन्टची भानगड संपली.

सीडीची अडचण मात्र बरीच टिकली. शाळांना मिळणारं शैक्षणिक साहित्य तेव्हा सीडीवर यायचं आणि या यंत्रांत सीडी घालायची सोयच नव्हती. कवितांच्या, गणिताच्या सीड्या कपाटात आणि लॅपटॉप घरात. बाजारपेठेतल्या सायबर कॅफेवाल्याकडून त्या पेन ड्राइव्हवर उतरवून आणायच्या, तो एका सीडीचे दहा रुपये घ्यायचा. गुरुजींचं काम म्हटल्यावर पाच.

एवढं सगळं झाल्यावर वर्ग. चौतीस मुलं, चार इयत्ता, दोन गुरुजी, पंधरापैकी बारा-तेरा यंत्रं चालू. आण्णा सुरुवातीला यंत्र वाटण्यातच घायकुतीला यायचे. खिचडी खाल्लेले हात धुवून आणा, ओळीने या, नंबर सांगा, झाकण उघडा. सगळी यंत्रं सुरू होईपर्यंत तासाचा तिसरा हिस्सा संपलेला. त्यात मुलं समोर बघायची बंद व्हायची. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ इथे चालेना, कारण हात घडीत असले तरी डोळे पडद्यावर. पूर्ण झाकण मिटायला सांगावं तर यंत्र झोपी जाई आणि जागं व्हायला पुन्हा वेळ. यातून ‘झाकण अर्धं!’ ही आज्ञा निघाली. गुरुजी बोलायला लागले की झाकण अर्धं खाली. पडदा दिसत नाही, यंत्रही झोपत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत आण्णांनी ती इतर गुरुजींना सांगितली तेव्हा त्यांतल्या दोघांनी ती आधीच शोधलेली होती.

या कामात बायका पुरुषांपेक्षा हुशार निघाल्या, असं माझं स्पष्ट मत आहे. आण्णांच्या वर्गात तिघांमध्ये एक लॅपटॉप, आणि टचपॅडवर बोट कायम दांडग्या मुलाचं. दोन मुली मागे बसून बघ्या. आई एकदा तिच्या शाळेला सुट्टी असताना त्यांच्या शाळेत गेली होती, तिने ते पाहिलं. “अहो, ज्याचं बोट त्याचं तोंड बंद ठेवा,” ती म्हणाली. म्हणजे एक जण करणारा, एक सांगणारा, तिसरा वहीत लिहिणारा. करणाऱ्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, फक्त सांगणारा सांगेल ते. घंटा वाजली की जागा बदलायच्या. आठवड्याभरात त्या दांडग्या मुलाला मागच्या मुलीचं ऐकावं लागलं, आणि ती मुलगी बोलायला लागली. हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. पाटीवरच्या गणितांसाठी आई हेच वीस वर्षं करत आली होती.

मुलांनी केलं काय? चित्रं काढली, टक्स पेंटमधले शिक्के उमटवले, ते सगळीकडची मुलं करतात. पण मराठी टाइप करायला शिकली ती बघण्यासारखी गोष्ट होती. इन्स्क्रिप्ट कळफलकावर अक्षरांचा क्रम उच्चाराचा असतो. रफार नंतर डोक्यावर चढवायचा नसतो, र आधीच टाकायचा, मग हलन्त, मग पुढचं अक्षर. ‘पर्वत’ लिहायचं तर एच, जे, डी, बी, एल. मोठी माणसं यात अडकायची, कारण हाताने लिहिताना रफार शेवटी देतात. तिसरीतली मुलं अडकली नाहीत. त्यांना इंग्रजी कळांवरची अक्षरं वाचताच येत नव्हती, म्हणून त्यांनी कळांच्या जागा पाठ केल्या. एक मुलगी डोळे मिटून ‘भीमाशंकर’ लिहून दाखवायची आणि लोक बघायला यायचे.

दुसरं म्हणजे रानभाज्यांची वही. चौथीच्या मुलांनी पावसाळ्यात भारंगी, कुरडू, चिचुर्डी, चाईचा मोहर यांचे फोटो काढून खाली नाव आणि आजीने सांगितलेली कृती लिहायची, असा आण्णांचा उपक्रम. कॅमेरा लॅपटॉपचाच, आणि तो असतो वापरणाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे भाजीचा फोटो काढायचा तर लॅपटॉप उलटा धरायचा, पडदा भाजीकडे. पण मग फोटोत काय येतंय ते दिसणार कोणाला? मग एक मुलगा बांधावर यंत्र उलटं धरून उभा, दुसरा भाजीच्या बाजूला चिखलात उकिडवा बसून पडद्यात बघतोय आणि ओरडतोय, “वर घे, वर! आता तुझाच पाय दिसतोय.” एका फोटोत भारंगीच्या मागे शेळीचं अख्खं तोंड आलंय. त्या वहीची छापील प्रत अजून आमच्याकडे आहे, तो फोटो आण्णांनी मुद्दाम पहिल्या पानावर घातला होता.

सगळ्या शाळांत असं झालं नाही, हेही सांगायला हवं. शाळेत कुठलीही टिकाऊ वस्तू आली की ती जडसंग्रह नोंदवहीत चढते, आणि चढली की मुख्याध्यापकाच्या मानेवर बसते. हरवली तर वसुली पगारातून. बदली झाली की चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यायची. एक अडॅप्टर कमी निघाला तर पुढचा मुख्याध्यापक सही करत नाही. मग शहाणा माणूस काय करणार? कपाटाला कुलूप लावणार. आमच्याच भागात एका शाळेने तसलीच यंत्रं वरचं प्लॅस्टिकही न काढता कपाटात ठेवली. वर्षभराने काढली तर एकही बॅटरीवर सुरू होईना, कारण अशा बॅटऱ्या रिकाम्या पडून राहिल्या की कायमच्या मरतात. आण्णांची मुलांच्या हातांतून पडलेली, कळा उडालेली, खिचडीचे डाग पडलेली यंत्रं त्यांच्यापेक्षा चार वर्षं जास्त चालली. तरी मी त्या कुलूप लावणाऱ्या गुरुजींना नावं ठेवत नाही. त्यांच्या पगारातून घराचा हप्ता जात होता.

जगातही काही वेगळं घडलं नाही. पेरूने आठ लाखांहून जास्त हिरवे लॅपटॉप शाळांना वाटले. २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तर भाषा आणि गणितात मुलांची प्रगती त्यामुळे झाल्याचं दिसलं नाही. उरुग्वेने २००७ मध्ये सुरुवात करून दोन वर्षांत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला यंत्र दिलं आणि ती योजना आजही चालू आहे. देश लहान, लोकसंख्या साधारण आपल्या पुणे शहराएवढी, हे खरं. पण त्यांनी शाळेपर्यंत इंटरनेट नेणं आणि मोडलेलं यंत्र दुरुस्त करणं हेही योजनेतच धरलं होतं. आपल्याकडे ते काम गुरुजींच्या दहावीतल्या मुलाने केलं.

२०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं नाव तोवर सगळीकडे झालं होतं; गावोगावचे गुरुजी गाड्या करून ती डिजिटल शाळा बघायला गेले आणि परत येऊन लोकवर्गणीच्या मागे लागले. प्रोजेक्टर आले, मोठे टीव्ही आले, टॅबलेट आले. आमचे नेटबुक तेव्हा म्हातारे झाले होते, बॅटरी अर्धा तास टिकायची. त्यातले जे धड होते ते मुलांकडून निघून कार्यालयाच्या टेबलावर गेले, कारण विद्यार्थ्यांची माहिती आता ऑनलाइन भरायची होती. दिवसा साइट चालायची नाही, रात्री चालायची. पुन्हा तोच आठ पिनांचा बोर्ड, तेच स्वयंपाकघर, फक्त आता आण्णा स्वतः रात्री एकला उठून मुलांचे आधार क्रमांक टाकत बसायचे. मला हा सगळ्यात खेदाचा भाग वाटतो. मुलांसाठी आलेली यंत्रं मुलांची माहिती भरण्यात संपली.

आण्णा २०१८ ला निवृत्त झाले. चार्ज देताना पंधरा नेटबुक, पंधरा अडॅप्टर, सातवर टेप, सगळं मोजून दिलं. निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा प्रस्ताव त्यांनीच तयार करून ठेवला होता. पुढे २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वाडीवरच्या मुलांकडे फोन नव्हते, आणि कपाटात बंद पडलेली पंधरा यंत्रं होती. नव्या बाईंनी मग पारावर मुलं बसवून शिकवलं.

आता आपण तिशी-चाळिशीत आहोत. आपल्यातले बरेच जण पुण्यात, हैदराबादेत, कोणी टोरांटोत ज्या कंपन्यांत काम करतात, त्या दर तीन-चार वर्षांनी जुने लॅपटॉप काढतात आणि ‘गावच्या शाळेला देऊ या’ अशी मेल फिरते. त्या मेलला उत्तर आपणच द्यायचं आहे, कारण पलीकडच्या टोकाला काय होतं ते त्या ऑफिसात फक्त आपल्याला ठाऊक आहे. यंत्रं जरूर द्या, पण खोकी पाठवण्याआधी शाळेत जाऊन चालू प्लग मोजा. वीजबिल कोण भरतं ते विचारा आणि तीन वर्षांच्या बिलाचे पैसे यंत्रांबरोबरच द्या. बॅटऱ्यांचा जादा संच द्या. निर्लेखन कसं करायचं ते देणगीपत्रातच लिहून घ्या, म्हणजे एखादं यंत्र मुलाच्या हातून पडलं तर गुरुजींच्या पगाराला धक्का लागणार नाही. आणि यंत्रं रात्री कोणाच्या घरी जाणार आहेत, हेही आधीच विचारून घ्या.